मुदत खुर्द

गेल्या मंगळवारी मी बायकोचं पातेलं जाळलं. तिच्या आईनं दिलेलं, जाड बुडाचं, पुण्याहून निघताना साड्यांच्या घड्यांत बसवून आणलेलं. झालं असं की बाजारात प्लम दिसले. नेहमीचे लाल-गोल नव्हेत. निळे, लांबट, अंगावर राख फुंकरल्यासारखी पांढुरकी साय असलेले. इथं ते सप्टेंबरात दोन-तीन आठवडेच येतात. मी दोन किलो घेतले, बिया काढल्या, पातेल्यात घातले, अगदी मंद आच ठेवली आणि वरच्या खोलीत ऑनलाइन मीटिंगला जाऊन बसलो. आइंडहोवनच्या आमच्या कंपनीत चिप बनवणाऱ्या यंत्रांचं काम चालतं आणि त्यात माझा विषय आहे तापमानाचं नियंत्रण. अंशाच्या हजाराव्या भागाचा फरक कसा पकडायचा, हे मी अकरा जणांना समजावून सांगत असताना खाली धुराचा अलार्म वाजला. एक डच सहकारी शांतपणे म्हणाला, तुझ्या घरातला सेन्सर चांगला दिसतोय.

खाली आलो तर ओट्याभोवती निळा धूर आणि पातेल्यात डांबर. माझी सोळा वर्षांची मुलगी सई नुकतीच शाळेतून सायकलवर आली होती, ती खिडक्या उघडत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना ती इंग्रजीचा नाहीतर डचचा आडोसा घेते.

"बाबा, व्हॉट वॉज इट?"

तिनं भूतकाळ वापरला, हे लक्षात घ्या.

"तुझं बालपण," मी म्हणालो. तिनं पातेल्याचा फोटो काढून आईला पाठवून दिला.

खरं तर त्या पातेल्यात एक मेल शिजत होती. आदल्या रविवारी आलेली, पावेलची. पावेल म्हणजे मारियेबाईंचा मुलगा. आणि मारियेबाई म्हणजे चौदा वर्षांपूर्वी चेक देशातल्या एका खेड्यात आम्ही ज्यांच्या अर्ध्या घरात एक वर्ष भाड्यानं राहिलो, त्या घरमालकीण. आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. पावेलनं लिहिलं होतं की आई शहरात माझ्याकडे राहायला येतेय, महिनाअखेरीला घराच्या किल्ल्या नव्या माणसांना द्यायच्या आहेत. पण परसातली प्लमची झाडं यंदा वाकली आहेत, आणि काहील शेवटची एकदा चढवल्याशिवाय ती घर सोडायला तयार नाही. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी. तुम्ही येणार का, असं तिनं विचारायला सांगितलंय.

ती मेल मी कितीदा तरी वाचली, आणि बायकोला, मंजिरीला, दाखवली नाही. आमच्या घरात त्या गावाचा विषय निघाला की मंजिरी वाळलेले कपडे घड्या करायला उठते. कपडे वाळलेले नसले तरी.

गावाचं नाव माला ल्होता. आपल्याकडे जितकी वडगावं, तितक्या त्या देशात ल्होता. माला म्हणजे लहान. टेकडीपलीकडे एक वेल्का, म्हणजे मोठी ल्होता होती. थोडक्यात बुद्रुक आणि खुर्द. आम्ही खुर्दातले. दोन्ही गावांचं एकमेकांबद्दलचं मत बुद्रुक-खुर्दवाल्यांचं असतं तसंच होतं.

ल्होता म्हणजे काय, ते मला यारोस्लाव मास्तरांनी सांगितलं. हे निवृत्त शिक्षक आणि गावाचे बखरकार. त्या देशात प्रत्येक गावानं आपली बखर लिहायचीच असा कायदा आहे. यंदा कोण जन्मलं, कोण गेलं, बर्फ किती पडला, कुणाचं गवत जळालं, सगळं. मास्तर ते काम टाकाच्या पेनानं, ढेंगभर लांबीच्या वहीत करत. त्यांचं इंग्रजी शब्दकोशातून चिमट्यानं उचलून ठेवल्यासारखं होतं. ते म्हणाले, ल्होता म्हणजे मुदत. सहा-सातशे वर्षांपूर्वी हा डोंगर म्हणजे नुसतं रान होतं. जमीनदारानं लांबून माणसं आणली आणि सांगितलं, झाडं तोडा, घरं बांधा, शेतं करा, अमुक वर्षं सारा माफ. त्या माफीच्या मुदतीचं नाव ल्होता. मुदत संपली, सारा सुरू झाला. पुढं जमीनदार गेले, राजे गेले, मागून आलेली सरकारं गेली. नाव तेवढं राहिलं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडेही ओसाड पडलेली गावं पुन्हा वसवायला असाच कौल देत. मास्तरांनी पेन उघडलं आणि ते वहीत लिहून घेतलं.

माझ्या पासपोर्टात तेव्हा एका वर्षाचा परवाना चिकटवलेला होता. मुदत नावाच्या त्या गावात अजून खरोखर मुदतीवर राहणारा मी एकटाच उरलो होतो.

गाव उतरतं होतं. हे वाक्य मला इथं, हॉलंडमध्ये, मुद्दाम लिहावंसं वाटतं. इथं सगळं सपाट. शिपोल विमानतळाजवळ बाडहूव्हडॉर्पला राहणारा माझा मित्र अभिमानानं सांगतो की तो समुद्रसपाटीच्या खाली झोपतो. तिकडं पावसाच्या पाण्यालाही कुठं जायचं ते पंपाला विचारावं लागतं. ल्होतात पाण्याला सगळं ठाऊक होतं. वर टेकडीच्या खांद्यावर घंटेचं छोटं देऊळ, त्यापुढं लिंडनचं थोराड झाड, तिथून खाली वाकडातिकडा एकच रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, आणि तळाशी मासे पोसायचं तळं. देवळाच्या छपराबद्दल गावात एक अभिमान होता. म्हणे उत्तरेच्या उतारावर पडलेलं पाणी ओढ्या-नद्यांतून उत्तर समुद्राला जातं आणि दक्षिणेच्या उतारावरचं काळ्या समुद्राला. मास्तरांना तो अभिमान पुराव्यानिशी हवा होता, म्हणून त्यांनी नकाशावर दोन्ही वाटा पेन्सिलीनं काढून दाखवल्या. मी तेव्हा नुसती मान डोलावली. आता रविवारी कधी शेव्हनिंगेनला समुद्रकाठच्या वाळूत बसलो की वाटतं, ते अर्धं पाणी आलं असेल का इथवर. मग भजी थंड होतात आणि मंजिरी म्हणते, कुठं आहेस?

घरांचे नंबर वेगळीच कहाणी. ते रस्त्यानं ओळीत येत नसत. घर ज्या क्रमानं बांधलं त्या क्रमानं नंबर. आमचं चौतीस, शेजारचं सात, समोरचं एक्कावन्न. पहिल्या दिवशी मी दोन बॅगा, बायको आणि कडेवर झोपलेली अडीच वर्षांची सई घेऊन तेहेतिसाच्या शेजारी चौतीस शोधत तळ्यापर्यंत गेलो आणि तिथून परत वर आलो. मंजिरी विचारत होती, तू नक्की इंजिनिअर आहेस ना? नंतर सवय झाली. नंबरांवरून चालत गेलं की गावाचं वय पायाखालून जायचं. एक नंबर देवळाला चिकटून; तिथून जंगल मागं सरकत गेलेलं. आणि वरच्या बाजूला, घरांची एक अख्खी ओळ एकाच घडणीची, उतरत्या छपरांची, थोडी परकी. आमचं चौतीस त्यातलंच.

ती ओळ जर्मन बोलणाऱ्यांची होती. शेकडो वर्षं वर जर्मन, खाली चेक, मधे तळ्याच्या पाण्यावरून भांडणं आणि लग्नंसुद्धा. युद्ध संपल्यावर वरच्यांना हातात मावेल तेवढं घेऊन हाकलून दिलं. रिकाम्या घरांत दुसरीकडून माणसं आणून बसवली. पाच-सहा वर्षांची मारिये अशी एका बैलगाडीवर बसून, पूर्वेच्या डोंगरांतून, चौतीस नंबरात आली. सप्टेंबर होता. परसात प्लमची झाडं वाकलेली, आणि गोठ्यात तांब्याची भली मोठी काहील पालथी, तिच्या काठावर खिळ्यानं कोरलेलं नाव: आना. मारियेच्या आईनं त्या अनोळखी आनाच्या काहिलीत, अनोळखी आनाच्या झाडांचे प्लम आटवले. दुसरं काय करणार, फळं तर कुजत चालली होती.

पुढं सरहद्दी उघडल्यावर एकदा जर्मनीहून एक म्हातारी बसमधून आली आणि फाटकाशी नुसती उभी राहिली. मारियेनं ओळखलं, ही या घरातली. आत बोलावलं, कॉफी दिली, बरणीतलं पोविडला (तो आटवलेला प्लमचा मावा) चमच्यावर दिलं. म्हातारीनं ते तोंडात खूप वेळ धरलं आणि म्हणाली, आमची आई जास्त घट्ट करायची. मारिये हे सांगताना हसायची, आणि मग म्हणायची की त्या वर्षापासून मी दोन तास जास्त आटवते.

"आम्हीही इथले नवीनच," तिनं मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. मास्तरांनी भाषांतर करून दिलं. साठ-पासष्ट वर्षं झाली होती तिला तिथं.

गावानं आम्हाला फार लवकर ठेवून घेतलं, आणि त्याचं श्रेय दोन चुकांना आहे. एक सईची. ती मला दिवसभर रस्त्यातून "बाबा, बाबा" हाका मारायची. चेकमध्ये बाबा म्हणजे म्हातारी. दाढी वाढलेला, टोपी घातलेला एक माणूस, आणि त्याची मुलगी त्याला ए म्हातारे म्हणून बोलावतेय, हे पाहून तळ्याकाठचे लोक कोलमडले. तेव्हापासून मी पान बाबा, म्हणजे श्रीयुत म्हातारी. शेजारच्या गावातल्या ज्या कारखान्यात मी नोकरीला होतो, तिथंही ते पोचलं. दुसरी चूक मंजिरीची. तिकडं बाईमाणसाला आदरानं पानी म्हणतात. कोणी दारात येऊन टोपी काढून "पानी" म्हणालं की मंजिरी वळायची आणि भरलेला पेला आणून हातात द्यायची. पोस्टमन, मास्तर, अंडीवाली, सगळे निमूट पिऊन जायचे. भारतीय लोकांत बोलण्याआधी पाणी प्यावं लागतं, अशी गावाची समजूत झाली. तसं पाहिलं तर चूक नव्हती.

आणि मग तो सप्टेंबर. सगळ्या वर्षातला मला तो एकच ऋतू नीट आठवतो. बाकी बर्फ, चिखल आणि बसचं वेळापत्रक. कारखान्याच्या गावाला जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना प्लमची झाडं होती. सकाळी बसच्या खिडकीतून धुकं आणि त्यात लोंबणारी निळी फळं दिसायची, आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत येताना गाव दिसायच्या आधी त्याचा वास यायचा. लाकडाचा धूर, आंबूस गोड फळं, ओलं गवत. गुऱ्हाळाच्या रस्त्याला लागल्यासारखं वाटायचं. मी बसमधून उतरायचो तेव्हा मंजिरी सईला घेऊन थांब्यावर उभी असायची, रोज. मला वाटायचं, काय हा संसार. तिला दिवसभरात मराठी बोलायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, हे माझ्या डोक्यात फार उशिरा शिरलं.

एका शनिवारी पहाटेच अंगणात काहील चढली. प्लम सोललेले नाहीत, साखर नाही, पाणी नाही. तळाला लागू नये म्हणून चार अख्खे अक्रोड कवचासकट आत टाकलेले, ते दिवसभर खडखडत फिरतात. आणि एक ढवळणं: माणसापेक्षा लांब दांडा, टोकाला काटकोनात बसवलेली फळी. ते एक क्षणही थांबवायचं नाही. गावातल्या बायका आळीपाळीनं येतात, उभ्या राहतात, बोलतात, दुसरीच्या हाती दांडा देऊन जातात. मी उत्साहानं बाह्या सरसावून पुढं झालो. मारियेनं माझ्या हातांकडं पाहिलं, मला बाकावर बसवलं आणि बिअर दिली. मग तिनं आत जाऊन मंजिरीला हाताला धरून आणलं आणि दांडा तिच्या हातात दिला.

मंजिरीनं त्या दिवशी किती ढवळलं याला गणती नाही. डोळे धुरानं लाल, केसांना वास, पदर खोचावा तशी मफलरची टोकं कमरेत खोचलेली. मारिये शेजारी उभी. दोघींची भाषा एक नाही आणि तरी संध्याकाळपर्यंत त्या काहीतरी बोलत होत्या. मी बाकावरून पाहत होतो आणि सईच्या निळ्या हातांमागं धावत होतो. त्या वर्षीच्या बखरीत मास्तरांनी आमच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या: चौतिसात भारतातून आलेलं कुटुंब, पुरुषाला लाकूड फोडता येत नाही, स्त्रीचा ढवळण्याचा हात चांगला आहे. मला वाचून दाखवताना पहिला भाग त्यांनी दबक्या आवाजात वाचला.

पण त्याच शरदात मी कधी लवकर घरी आलो तर मंजिरी मागच्या खिडकीशी बसलेली सापडायची, आणि चेहरा नुकताच धुतलेला असायचा. विचारलं तर धूर म्हणायची. चूल पेटलेली नसतानासुद्धा. पुढं माझी इकडं बदली झाली, तेव्हा तिनं सगळं सामान एका दिवसात बांधलं आणि बांधताना चक्क गाणं म्हणत होती. आइंडहोवनला आल्यावर ती डच शिकली, पाळणाघरात नोकरीला लागली, सायकल शिकली, दिवाळीला चाळीस जणांचा फराळ करू लागली. तेव्हा मी मनाशी हिशेब केला की ल्होता हे माझं सुख आणि तिची शिक्षा. दर सप्टेंबरात आम्ही येऊ, असं मारियेला मी नाताळच्या कार्डावर लिहीत राहिलो. दर सप्टेंबरात काहीतरी निघायचंच. सईची शाळा, कंपनीची डेडलाइन, पुण्याची तिकिटं. गाडीनं फार तर दहा-अकरा तासांचा रस्ता. चौदा वर्षांत मला तो सापडला नाही.

तर मंगळवारी संध्याकाळी मंजिरी कामावरून आली. फोटो पाहिलेलाच होता. सिंकपाशी उभी राहून ती तारेच्या घासणीनं पातेलं घासू लागली, आणि मी बाजूला उभा राहून, शाळेत असतो तसा, सगळं कबूल केलं. पावेलची मेल, किल्ल्या, शेवटचा शनिवार. पुढं माझं समजूतदार भाषणही झालं: तुला तिथं त्रास झाला, मला माहितेय, मी काही तुला ओढून नेणार नाही, आणि तसंही पुढच्या आठवड्यात ऑफिसात रिव्ह्यू आहेच. मी आत्ताच फोन करून जमत नाही म्हणून सांगून टाकतो.

ती घासत राहिली. मी ते संमती म्हणून धरलं आणि स्पीकरवर फोन लावला.

पावेलशी मी इंग्रजीत बोललो असतो आणि निभावलं असतं. पण त्यानं दोन वाक्यं ऐकायच्या आत फोन आईकडं दिला. मारियेचा आवाज बारीक झाला होता, थोडा फाटलेलाही, पण "पान बाबा?" म्हणाली आणि माझं सगळं शिकलेलं चेक पळून गेलं. ती भराभर काहीतरी विचारत होती. त्यातलं शनिवार कळलं, प्लम कळलं, मंजिरीचं नाव कळलं. मी गडबडून इंग्रजीत आलो. "नो," मी म्हणालो, "नो, नो, मारिये. नो."

आता चेक बोलीत नो म्हणजे हो. म्हणजे हो ना, हो तर, अगदी हो. मी हे वर्षभर रोज ऐकत होतो आणि ऐन वेळी विसरलो. पलीकडून तिनं आनंदानं तीनदा नो म्हटलं, मग पावेलला ओरडून काहीतरी सांगितलं, आणि मला नुसतं हसू ऐकू येत राहिलं. जितकं मी नाकारत होतो तितकी ती खूश होत होती.

मंजिरीनं नळ बंद केला. ओले हात कुर्त्याला पुसले आणि माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, आता ती दुरुस्त करेल. नाहीला ते लोक ने म्हणतात, एक अक्षर. आणि ती चेकमध्ये बोलू लागली. अडखळत, चुकत, पण सलग, एखादं बंद खोलीतलं कपाट उघडून एकेक भांडं बाहेर काढावं तसं. दिवसभर त्या घरात तीच तर होती. भाषा तिलाच येणार होती, आणि मला चौदा वर्षांत पत्ता नव्हता. तिनं अक्रोडांबद्दल विचारलं. गुडघ्याबद्दल विचारलं. सई केवढी झाली ते हात उंच करून दाखवलं, फोनवर. ने हा शब्द मी कान देऊन वाट पाहूनही आला नाही. शेवटी तिनं शनिवार म्हटलं, आणि त्याच्या आधी शुक्रवार, म्हणजे आम्ही आदल्या दिवशीच पोचणार होतो.

फोन ठेवल्यावर ती पुन्हा सिंककडं वळली. मी सावकाश विचारलं की तुला तर ते गाव नकोसं होतं ना.

"तू तिथून रोज सकाळी निघायचास आणि रोज संध्याकाळी परत यायचास," ती म्हणाली. "मी एकदाच निघाले. आणि निघताना मला इतका आनंद झाला होता, की तो मारियेला दिसू नये म्हणून गाडीत सईची टोपी सारखी करत बसले मी, मागं वळून पाहिलंच नाही." तिनं नळ सोडला आणि परत बंद केला. "गाडी वळेपर्यंत ती फाटकाशी उभी होती का रे? इतकी वर्षं तुला विचारायचा धीर झाला नाही."